संशोधक विद्यार्थ्यांचे सहा तास शिकवण्यासाठीच वापरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवे सत्र सुरू होण्याच्या तोंडावर महाविद्यालयांत वेळापत्रके लागतात, कामांची वाटणी होते. या वाटणीत एका गोष्टीकडे सहसा कोणी बघत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत दोन तरतुदी आहेत. विषय कोणताही असो, प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाचे आणि लेखनाचे प्रशिक्षण घेतले पाहिजे, ही पहिली. ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापन यांत सहायक म्हणून त्याला आठवड्याला चार ते सहा तासांचे काम देता येईल, ही दुसरी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पीएच.डी. करणाऱ्याने काही किमान तास प्रत्यक्ष शिकवलेले असावेत, असे म्हटले आहे.

बऱ्याच ठिकाणी हे तास अंतर्गत परीक्षेच्या सुपरव्हिजनला, हजेरी एक्सेलमध्ये भरायला, नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फायली लावायला जातात. नाहीतर एखादे सर रजेवर गेले की 'तेवढा वर्ग सांभाळ' असा निरोप येतो. फायली लावण्यात निदान कोणाचे नुकसान होत नाही. तयारीविना, कोणी मागे बसून पाहणारे नसताना, ऐंशी मुलांसमोर उभे केलेला सहायक मात्र त्या दिवशी एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे वेळ कसा मारून न्यायचा. ही सवय पुढे तीस वर्षे टिकते.

शाळेत शिकवायचे तर डी.एल.एड. किंवा बी.एड. ही अध्यापनाची पदविका किंवा पदवी लागते. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवडे शाळेत काढावे लागतात. पदवी महाविद्यालयात शिकवायला यातले काहीच लागत नाही. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट ही (राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची) पात्रता परीक्षा ही किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक. या दोन्ही परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांच्या आहेत आणि अध्यापन-अभियोग्यता हा पहिल्या पेपरच्या दहा घटकांपैकी एक. म्हणजे ज्याने आजवर कोणाला एक गणितही समजावून दिलेले नाही, असा उमेदवार पूर्णपणे नियमात बसून वर्गावर जाऊ शकतो. रुजू झाल्यानंतर उद्बोधन वर्ग होतात, ते उपयोगीही असतात. पण तोवर एक-दोन तुकड्या हाताखालून गेलेल्या असतात.

गाण्याच्या मैफलीत शिष्य आधी काही वर्षे मागे तानपुऱ्यावर बसतो, मग गुरूंनी सोडलेली जागा भरतो, त्यानंतर कधीतरी स्वतः गातो. महाविद्यालयीन शिक्षकाच्या बाबतीत आपण थेट शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो. पूर्ण तासाचे व्याख्यान हे शिकवण्यातले सर्वात अवघड काम, आणि आपली चूक कळण्याची शक्यता तिथेच सर्वात कमी. कारण व्याख्यानात विद्यार्थी बोलत नाही. एकास एक शिकवणी, मग छोट्या बॅचचे ट्युटोरियल, प्रयोगशाळा, तपासणी आणि शेवटी व्याख्यानाचा एक तुकडा, असा क्रम लावला तर आठवड्याचे चार-सहा तास एका वर्षात माणूस तयार करतात. यातल्या प्रत्येक टप्प्यावर नेमके काय करायचे आणि कुठे फसायला होते, हे थोडे तपशिलात मांडतो.

शिकवणीसाठी आठवड्यातले दोन तास आणि जागा ठरलेली हवी. विभागाचे वाचनालय चालेल. बंद केबिन नको. विद्यार्थ्याने स्वतःची वही आणायची. सहायकाने नोट्स घेऊन जायचे नाही. पेन विद्यार्थ्याच्या हातात राहील, हा पहिला नियम. सहायकाने पेन घेतले की दहा मिनिटांत पान भरते, उदाहरण सुटते, दोघेही खूश होतात, आणि पुढच्या आठवड्यात तोच विद्यार्थी तीच शंका घेऊन परत येतो. शिकवणीचा अभ्यास केलेल्या मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात शिकवणाऱ्यांना समजावून सांगायला चक्क मनाई होती, फक्त विद्यार्थ्याला बोलते करणारे प्रश्न विचारायची परवानगी होती. शिकणाऱ्यांची प्रगती तरीही तेवढीच झाली. सांगण्याची हौस आपली असते, गरज त्यांची असतेच असे नाही.

'कळलं का?' हा प्रश्न बंद करावा. त्याचे उत्तर 'हो सर' एवढेच असते. त्याऐवजी 'इथपर्यंत कसा आलास ते सांग', 'हेच आकडे बदलून करून दाखव', 'प्रश्नात काय विचारलंय ते आधी आपल्या शब्दांत सांग' असे विचारावे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हे मराठीत सांगू द्यावे. अडचण संकल्पनेत आहे की इंग्रजी प्रश्न वाचण्यात, हे त्याशिवाय कळत नाही, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

अडलेल्याला मदतही टप्प्याटप्प्याने द्यायची. आधी नुसते थांबायचे. मग त्याने लिहिलेल्या कोणत्या ओळीकडे पुन्हा पाहायचे ते बोटाने दाखवायचे. मग त्याच जातीचे सोपे उदाहरण घालायचे. तेही जमले नाही तर दुसरे उदाहरण पूर्ण सोडवून दाखवायचे आणि मूळचे त्याच्यासाठी सोडायचे. मूळ उदाहरण सहायकाने सोडवायचे नाही, सबमिशन उद्यावर आले असले तरी. विशेषतः तेव्हा तर नाहीच, कारण एकदा ते केले की सबमिशनच्या आदल्या दिवशी रांग लागते आणि बाकीचे आठवडे टेबल रिकामे राहते.

चूक हा इथला खरा माल आहे. वर फेकलेला चेंडू सर्वात वर असताना त्याचे त्वरण किती? बारावीला उत्तम गुण असलेली मुलेही 'शून्य' म्हणतात, कारण तिथे वेग शून्य असतो. 'चूक, ९.८' असे सांगून ही समजूत जात नाही, परीक्षेपुरती लपते. 'वेग शून्य आणि त्वरणही शून्य, तर पुढच्या क्षणी चेंडू काय करेल?' असे विचारले की विद्यार्थी स्वतःच अडखळतो, कारण त्याच्या उत्तराप्रमाणे चेंडू वरच राहायला हवा.

वाणिज्य शाखेत डेबिट-क्रेडिटचा गोंधळ असाच आहे. पैसे काढले की बँकेचा मेसेज येतो, खाते डेबिट झाले. म्हणून विद्यार्थी पक्के धरून बसतो की डेबिट म्हणजे पैसे जाणे. मग रोजकीर्दीत बँकेत भरलेली रक्कम बँक खात्याच्या जमा (क्रेडिट) बाजूला टाकतो. मेसेज बँकेच्या वहीतला आहे. तिथे आपली ठेव हे बँकेचे देणे असते, म्हणून ती वाढली की जमा. आपल्या वहीत तीच ठेव ही आपली मालमत्ता, म्हणून वाढली की नावे (डेबिट). 'ही नोंद कोणाच्या वहीतली?' एवढा एक प्रश्न हा गोंधळ सोडवतो. नियम पुन्हा घोकून घेण्याने तो सुटत नाही. अर्थशास्त्रात कांद्याची आवक घटली, भाव चढले आणि लोकांनी कमी घेतला की मुले मागणीचा वक्रच डावीकडे सरकवतात. तिथे त्यांना आकृतीत बोट ठेवायला लावावे : वक्र हलला, की आपण त्याच वक्रावर वर सरकलो?

प्रत्येक सहायकाने अशा चुकांची वही ठेवावी. एका पानावर तीन रकाने : विद्यार्थ्याने काय लिहिले, तसे लिहिताना त्याच्या मनात काय होते, आणि कोणत्या प्रश्नाने गाठ सुटली. दुसरा रकाना विचारल्याशिवाय भरता येत नाही, आणि शिक्षक म्हणून वाढ होते ती हा रकाना भरताना. आठवड्याला चार-पाच नोंदी पुरेत. सत्राअखेर हातात येणारे साठ-सत्तर नमुने कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाहीत. पुढे तोच धडा वर्गात घेताना मुले कुठे अडखळणार, हे शिक्षकाला आधीच ठाऊक असते. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीत उमेदवाराची ही वही मागवून चाळली, तर दहा मिनिटांच्या डेमोपेक्षा जास्त कळेल, असे आमचे मत आहे.

ही मदत कोणासाठी ठेवायची, यातही गफलत होते. महाविद्यालये 'मंदगती विद्यार्थी' अशी यादी करतात, यादी नॅकच्या फायलीत जाते आणि यादीतली मुले लाजेने येत नाहीत. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी संकुलात १९७३ पासून वेगळी रीत सुरू झाली. मदत कच्च्या मुलांना जोडायची नाही, अवघड विषयाला जोडायची. ज्या पेपरला सर्वाधिक मुले अडकतात, त्याच्या वर्गात पुढच्या वर्षाचा एक चांगला विद्यार्थी स्वतः बसतो आणि आठवड्यातून ठरल्या वेळी सर्वांसाठी खुले सत्र घेतो. पहिला आलेलाही तिथे असतो, त्यामुळे तिथे जाण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे प्रथम वर्षाचे गणित, संख्याशास्त्र, लेखाशास्त्र, सेंद्रिय रसायन यांना हे लगेच लागू करता येईल. (वरच्या मुलाने खालच्याला शिकवायचे, हे आपल्याला नवीन नाही. पंतोजींच्या शाळा त्यावरच चालत. अठराव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथाश्रमात ही पद्धत वापरली आणि ती 'मद्रास पद्धत' म्हणून इंग्लंडात गेली. पण तिथे तिचे घोकंपट्टीच्या कारखान्यात रूपांतर झाले, हेही लक्षात ठेवावे.)

छोट्या बॅचचे ट्युटोरियल हा पुढचा टप्पा. पंधरा ते वीस जण, पन्नास मिनिटे. इथे सहायक हमखास घसरतो तो दुसरे व्याख्यान देण्याकडे. सरांनी सांगितलेलेच पुन्हा, थोड्या घाईने. हे टाळायचे तर तासाची आखणी कागदावर हवी. पहिली पाच मिनिटे एकच प्रश्न, सगळ्यांनी वहीत उत्तर लिहायचे, बोलायचे नाही. मग दहा मिनिटे शेजारच्याशी पडताळा. पुढची वीस मिनिटे चार-चारच्या गटात एक उदाहरण. फळ्याचे भाग पाडून प्रत्येक गटाने आपला भाग भरायचा. त्यानंतर दहा मिनिटे फळ्यावरच्या दोन चुकीच्या मांडण्यांची चर्चा, नाव न घेता. शेवटच्या पाच मिनिटांत चिठ्ठी : आज काय अडले, एका ओळीत. या चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी वाचायच्या, नाहीतर मुले दुसऱ्या आठवड्यापासून 'काही नाही' लिहू लागतात.

तासाला तीन उदाहरणे पुरतात. एक बहुतेकांना येणारे, एक वर्गाची दोन मते पडतील असे, आणि एक लवकर संपवणाऱ्यांसाठी राखीव. मधले उदाहरण निवडणे ही कला आहे. सगळ्यांना आले किंवा कोणालाच आले नाही, तर बोलण्यासारखे उरत नाही.

प्रश्न विचारल्यावर किती थांबायचे, याबद्दल विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजमाप केले. शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि लगेच स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तीन सेकंद थांबले, तर उत्तरे लांब होतात आणि एरवी गप्प बसणारेही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गासमोर उभे राहून काढायचे तर फार जड जातात. मनात एक ते पाच मोजावे. नवख्याला मधली शांतता ही आपली फजिती वाटते, तिथेच तो घाई करतो. पहिल्या बाकावरचे तिघे-चौघेच उत्तरे देत असतील तर हात वर करायला सांगणे बंद करावे आणि आधी सर्वांना लिहायला लावून मग वह्यांवरून कोणालाही विचारावे. लिहिलेले वाचून दाखवायला संकोच कमी होतो.

या सगळ्यासाठी मुख्य शिक्षकाने आठवड्याला अर्धा तास सहायकासोबत बसले पाहिजे. ते टळले तर बाकीचे सगळे कागदावर राहते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर संकुलात पदवीचेच विद्यार्थी वर्गात मदतनीस म्हणून घेतात. त्यांच्या योजनेचे तीन पाय आहेत : प्रत्यक्ष वर्गातले काम, मुख्य शिक्षकासोबत दर आठवड्याची विषयाची तयारी, आणि कसे शिकवावे यावरचा वेगळा अभ्यासवर्ग. आपल्याकडे पहिला पाय ठेवतात आणि उरलेले दोन कापतात. अर्ध्या तासात फार काही करायचे नसते. येत्या आठवड्याची उदाहरणे दोघांनी आधी सोडवून पाहायची, चिन्हे आणि संज्ञा एकच वापरायच्या, आणि मागच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या सरांच्या हातात द्यायच्या. चिन्हांचे हे कलम क्षुल्लक नाही. सरांनी एका अक्षराने दाखवलेली राशी सहायकाने दुसऱ्याने दाखवली, तर अर्धी बॅच दोन वेगळ्या राशी समजून चालते.

प्रयोगशाळेबद्दल थोडे सविस्तर, कारण हात धरून न शिकवता शिकवण्याची खरी शाळा तीच. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे अनुमापन (टायट्रेशन) घ्या. सहायकाने हा प्रयोग आधी स्वतः त्याच रसायनांनी करून बघायचा, 'मी एम.एस्सी.ला केलाय' हे चालत नाही. सुरुवातीचे प्रात्यक्षिक दहा मिनिटांच्या वर नको. मग पहिली फेरी न बोलता फक्त पाहण्यासाठी : ब्युरेटवरचे नरसाळे काढले का, खालच्या टोकात हवेचा बुडबुडा आहे का, पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून पाडला का. दुसरी फेरी रंग दिसू लागतात तेव्हा. फ्लास्कमध्ये गुलाबीऐवजी तपकिरी गढूळपणा आला तर विद्यार्थी नवा फ्लास्क घेऊन मोकळा होतो. तसे होऊ द्यायचे नाही. काय झाले असेल, हे त्याला शोधू द्यायचे. विरल गंधकाम्ल कमी पडले, की द्रावण पुरेसे गरम नव्हते, की ब्युरेट भराभर सोडली? द्रावण साठ ते सत्तर अंशांपर्यंत तापवावे लागते, आणि फार तापले तर ऑक्झॅलिक आम्लाचेच विघटन होते. सुरुवातीचे थेंब रेंगाळून रंग सोडतात आणि नंतरचे झटकन, कारण तयार होणारे मँगनीज आयन पुढच्या अभिक्रियेला वेग देतात. हे सांगायची उत्तम वेळ म्हणजे ते डोळ्यांसमोर घडत असते तेव्हाची. हायड्रोक्लोरिक आम्ल का घालायचे नाही, हा प्रश्नही त्याच टेबलाशी विचारावा : परमँगनेट त्याचेही ऑक्सिडीकरण करते, क्लोरीन सुटतो आणि वाचन जास्त येते. परमँगनेटचे द्रावण गडद असल्याने ब्युरेट वरच्या कडेला वाचायची, हे दरवर्षी निम्मी बॅच विसरते. ब्युरेट मात्र विद्यार्थ्याच्या हातातून काढून घ्यायची नाही, कितीही थेंब वाया जाईनात.

दुसरी गोष्ट वाचनांची. तीनही वाचने ९.८, ९.८, ९.८ अशी तंतोतंत आली तर कौतुक करू नये, पाहत जावे. ०.१ मिलिलिटरच्या आत जुळणारी वाचने प्रामाणिक असू शकतात. पण जर्नलला 'बरोबर' उत्तर लागते हे मुलांना माहीत असते, म्हणून शेवटचे वाचन खोलीबाहेर पडताना जन्माला येते. उपाय साधा आहे. निरीक्षणे पेनाने लिहायची, खाडाखोड दिसू द्यायची, आणि टेबल सोडण्यापूर्वी सहायकाने त्यावर तारखेसह सही करायची. चुकीच्या उत्तराचे कारण नीट लिहिणाऱ्याला गुण द्यायचे. आणि प्रयोगशाळेतले जुने परिचर असतात, त्यांना विचारत जावे. कोणत्या टेबलाचा बर्नर दगा देतो आणि मुले कोणत्या प्रयोगाला काय फोडतात, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

तपासणी हे कंटाळवाणे काम म्हणून सहायकाच्या गळ्यात मारले जाते. नीट केले तर तेही शिक्षण आहे. इथे तपासणी म्हणतो ती विद्यापीठाच्या परीक्षेची नाही. ट्युटोरियल, सबमिशन, चाचणी यांचीच. गुणांची विभागणी आधी मुख्य शिक्षकासोबत लिहून काढायची. मग पाच-सहा उत्तरपत्रिका गुण न देता नुसत्या वाचायच्या. आपल्या विभागणीत न बसणारी बरोबर उत्तरे तिथेच सापडतात. तपासायचे ते प्रश्नवार, पेपरवार नाही : सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा उलटसुलट करून सगळ्यांचा दुसरा. नावे झाकलेली. शेवटी सुरुवातीच्या पाच पुन्हा तपासायच्या, कारण गठ्ठा संपेपर्यंत माणूस हमखास कडक किंवा ढिला झालेला असतो. दोन सहायक असतील तर त्याच दहा उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्र तपासून ताडून पाहाव्यात. दहापैकी एका गुणाहून जास्त फरक पडला तर विभागणीतच संदिग्धता आहे. शेरा एकच लिहावा, आणि पुढच्या वेळी काय बदलायचे ते सांगणारा. 'चांगला प्रयत्न' हा शेरा नव्हे. वेळेचा हिशेबही करावा : दहा गुणांच्या उत्तराला चार मिनिटे धरली तर साठ जणांचे चार तास होतात. म्हणजे त्या आठवड्यात सहायकाला दुसरे मोठे काम देता येत नाही.

व्याख्यान सर्वात शेवटी, आणि तेही सुरुवातीला पंधरा मिनिटांचेच. बी.एड.वाल्यांना सूक्ष्म अध्यापन माहीत असते : सहा मिनिटे शिकवणे, सहा मिनिटे प्रतिक्रिया, बारा मिनिटे नव्याने आखणी, सहा मिनिटे पुन्हा शिकवणे, सहा मिनिटे पुन्हा प्रतिक्रिया, छत्तीस मिनिटांचे चक्र. कल्पना चांगली, पण तिथे समोर सहाध्यायीच विद्यार्थी बनून बसतात आणि त्यांना सगळे आधीच येत असते. महाविद्यालयात खरा वर्ग हाताशी आहे. सरांच्या तासातली पंधरा मिनिटे सहायकाने घ्यावीत, सर शेवटच्या बाकावर. सरांनी मत नोंदवायचे नाही, मोजायचे : किती प्रश्न विचारले, प्रत्येकानंतर किती सेकंद थांबला, बाकांच्या नकाशावर उत्तर कुठून आले, पाठ वर्गाकडे करून किती वेळ बोलला, फळ्यावरचे शेवटच्या बाकावरून वाचता येते का. 'छान झालं, थोडं हळू बोल' यातून कोणी सुधारत नाही. अकरापैकी नऊ प्रश्न डाव्या बाजूच्या मुलांना गेले, हे आकड्यात दिसले की पुढच्या वेळी मान आपोआप उजवीकडे वळते. ही चर्चा त्याच दिवशी, चार भिंतींत, तीनच मुद्द्यांवर व्हावी. वर्गासमोर सहायकाची चूक दुरुस्त करू नये, जोवर फळ्यावर निखालस चुकीचे लिहिले जात नाही.

आता सर्वात मोठा आक्षेप. हे पत्र वाचून एखाद्या संस्थाचालकाला वाटेल, म्हणजे रिकाम्या जागा भरायला स्वस्तात माणसे मिळाली! प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर काम करणारे वर्षानुवर्षे तिष्ठत आहेत, आणि त्यात संशोधक विद्यार्थ्यांना राबवून घेण्याची ही नवी वाट ठरू शकते. धोका खरा आहे, म्हणून अटी स्पष्ट हव्यात. सहायकाने घेतलेला कोणताही तास शिक्षकाच्या कार्यभारात धरून पद कमी करायचे नाही. सहायक प्राध्यापकाचे आठवड्याचे सोळा तास सोळाच राहतील. पूर्ण वर्गावर सहायक एकटा जाणार नाही. आठवड्याची कमाल सहा तासांची, आणि तयारी, बैठक, तपासणी हे सगळे त्याच सहांत. काम लेखी दिलेले असावे. शिष्यवृत्ती नसलेल्यांना मानधन असावे. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थी मदतनीस घेतले तर त्यांना कमवा व शिका योजनेत धरावे. त्या योजनेतून मुले बागेत, कार्यालयात, ग्रंथालयात कामे करतात. धाकट्या मुलांना संख्याशास्त्र शिकवणे हेही श्रमच आहेत.

आणखी एक अट अवघड जाईल, तरी हवी. ज्या मुलांचे गुण सहायकाच्या हातात आहेत, त्यांची खासगी शिकवणी त्याने पैसे घेऊन करायची नाही, आणि त्यांच्या खासगी क्लासमध्येही शिकवायचे नाही. व्हॉट्सअॅपवरच्या शंकांना वेळेची मर्यादा असावी आणि त्या गटातच विचारल्या जाव्यात, वैयक्तिक निरोपातून नाही. वयात दोन-तीन वर्षांचेच अंतर असते. मैत्री होणारच, ज्याच्याशी मैत्री आहे त्याचा गठ्ठा दुसऱ्याकडे द्यावा.

पंधरा आठवड्यांच्या सत्रात हे कसे बसवायचे? पहिले दोन आठवडे नुसते वर्गात बसून पाहणे, तिसऱ्यापासून शिकवणीचे तास, सहाव्यापासून ट्युटोरियल किंवा प्रॅक्टिकलची एक बॅच, आठव्या-नवव्या आठवड्यात एक तपासणी, बाराव्यानंतर पंधरा मिनिटांचे दोन पाठ. दुसऱ्या सत्रात शिकवणी कमी, पाठ जास्त. पीएच.डी.पर्यंत थांबायचीही गरज नाही. राज्यातल्या नव्या पदव्युत्तर आराखड्यात पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटचे कार्यप्रशिक्षण (ऑन-जॉब ट्रेनिंग) आहे, म्हणजे साधारण १२० तास. ज्याला शिक्षक व्हायचे आहे त्याला हे तास कुठल्यातरी कंपनीचे प्रमाणपत्र गोळा करण्यात घालवायला लावण्यापेक्षा प्रथम वर्षाच्या ट्युटोरियलवर द्यावेत. कार्यप्रशिक्षण म्हणजे उद्योगच, असा अर्थ विभागांनी आपल्या मनाने काढलेला आहे.

विद्यापीठांकडून आमची अपेक्षा माफक आहे. सत्र सुरू होण्यापूर्वी एक परिपत्रक निघावे. त्यात सहायकाच्या कामात काय येते आणि सुपरव्हिजन, फायली, माहिती भरणे यांतले काय येत नाही, हे लिहावे. मुख्य शिक्षकाचा आठवड्याचा अर्धा तास त्याच्या कामात मोजावा. आणि शेवटी जे अनुभव प्रमाणपत्र द्यायचे त्यात 'समाधानकारक काम केले' या ओळीऐवजी शिकवणीचे तास किती, बॅच कोणत्या, तपासलेल्या उत्तरपत्रिका किती, कोणते पाठ घेतले आणि ते कोणी मागे बसून पाहिले, एवढे रकाने असावेत. परिपत्रकाची वाट न पाहता ज्या विभागाला सुरुवात करायची आहे, त्याने प्रथम वर्षाचा सर्वाधिक एटीकेटी लागणारा एक पेपर आणि दोन सहायक निवडावेत. यंदा तेवढेच करावे.

आपले,
पदवी व पदव्युत्तर वर्गांना शिकवणारे काही प्राध्यापक,
पुणे